रिकामं काडतूस

"बंदुकीचा दणका सोसायचा कसा, वस्ताद? तेवढं एकच सांगा."

तुळाजी वस्ताद भैरोबाच्या देवळामागं उन्हात बसून गुडघे चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बावीस वर्षं ते इनामदारांच्या पदरी शिकारी होते. इनामदारांच्या धाकट्या मुलाला, म्हणजे आता समोर उभ्या असलेल्या ह्याच सर्जेरावांना, बाराव्या वर्षी बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं. आता नजर मंदावली, म्हणून देवळात दिवाबत्ती करून राहत होते.

"लई दनका बसतो व्हय?"

"बसतो म्हणजे? रायफल नवी, पल्ला लांब, सगळं झकास. पण अशी लाथ मारते की नळीच हलते. मागच्या हाक्याला तेच झालं..."

सर्जेराव हातातल्या रायफलीकडं बघू लागले.

मागच्या हाक्याला काय झालं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. माणसांनी डबे वाजवत रानडुक्कर मचाणाकडं हाकललं. सर्जेरावांची गोळी त्याच्या पायाला लागली, आणि चवताळलेलं जनावर उलटं फिरून हाकेकऱ्यांत घुसलं. त्यात जखमी झालेला गेनू कोळेकर आठव्या दिवशी गेला.

बंदुकीनं लाथ मारली, असं सर्जेरावांनी चारचौघांत सांगितलं. बंदूक बिचारी काय बोलणार!

"रविवारी पुन्हा हाका आहे," ते म्हणाले. "गेनूच्या जागी त्याचा भाऊ उभा राहणार. पुन्हा तसं व्हायला नको, वस्ताद. हे बघा, खांद्यासाठी गादी शिवून घेतलीय."

गादी छान होती. जांभळ्या मखमलीची, आत सावरीचा कापूस. वस्तादांनी ती दाबून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"बांधावर करवंटी ठिवून या."

सर्जेराव ठेवून आले. वस्तादांनी रायफल मांडीवर घेतली आणि पाठ फिरवली. शिकणाऱ्यानं काडतूस भरायचं नाही, वस्तादानं भरून द्यायचं, ही त्यांची जुनी रीत.

पहिला बार निघाला. करवंटीच्या वीतभर खाली माती उडाली.

"बघितलंत? लाथ!" सर्जेराव खांदा चोळत म्हणाले.

वस्तादांनी पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा भरून दिली.

सर्जेरावांनी नेम धरला. चाप ओढला.

खट्.

बार निघालाच नाही. तरी सर्जेरावांचा खांदा पुढं झेपावला, नळी खाली गेली आणि डोळे गच्च मिटले.

वस्तादांनी बोल्ट ओढला. मघाचंच वाजलेलं, रिकामं काडतूस बाहेर पडलं. ते उचलून त्यांनी सर्जेरावांच्या तळहातावर ठेवलं.

"आता कुनी लाथ मारली, धाकलं सरकार?"

...

सर्जेरावांनी काडतूस फिरवून पाहिलं. बांधापलीकडं कुणीतरी बैलांना हाका मारत होतं.

"म्हणजे... गोळी सुटायच्या आधीच मी..."

"व्हय. दनका मागनं येतो. तुमी आदीच भ्यायला."

"मग गेनू..."

सर्जेराव मातीतच खाली बसले. एवढा तालेवार माणूस, पण त्या घडीला कुणालाही त्यांची कीव आली असती.

"ह्याला उपाय काय, वस्ताद?"

"गेनूच्या हौसाबाईच्या दारात जावा. तिच्या तोंडाकडं बघून सांगा, तिचा नवरा कसा गेला त्ये."

"नाही जमायचं... दुसरं काहीही सांगा. तिच्यासमोर डोळे वर नाही व्हायचे माझे."

वस्ताद काठीवर भार देऊन सावकाश उठले आणि देवळात गेले.

आत खुंटीवर त्यांचा भगवा फेटा होता. सर्जेरावांनी बाराव्या वर्षी पहिला बार काढला, तेव्हा इनामदारांनी भर माणसांत स्वतःच्या हातानं तो वस्तादांच्या डोक्याला बांधला होता. त्याच्याशिवाय वस्ताद गावात कधी गेले नव्हते.

त्यांनी फेट्याला हात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग उघड्या डोक्यानं बाहेर आले.

"वस्ताद, फेटा...?"

"ऱ्हाऊ द्या तितंच. चला, म्याबी येतो. बाराव्या वर्सी, पयल्या बाराला तुमचं डोळं मिटल्यालं म्या बघितलं हुतं, तरी बोललो न्हाई."