हत्तीडोहातला डोमाचा वाटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण आमच्या देवखडकीत ज्याला विचाराल तो आपल्या पणज्याचं नाव पुढे करतो आणि म्हणतो, आमच्या पणज्यानं डोमाला डोळ्यांनी पाहिलं. एवढ्या पणज्यांनी पाहिलं असेल तर नदीकाठी त्या वेळी उभं राहायला जागा उरली नसेल. पण डोमा होऊन गेला हे खरं, आणि त्याच्यामुळे आमच्या ताटात अजून मासा आहे हेही खरं. म्हणून ऐका.

डोमा जातीचा ढिवर, म्हणजे मासे धरणारा. जाळी सगळेच टाकायचे, पण मरळ धरावी ती डोमानं. मरळ म्हणजे डोहातली दांडगाई करणारी मासळी. अंग काळपट, तोंड सापासारखं, दात असे की बोट घातलं तर परत मिळायचं नाही. बारकी मासळी, झिंगे, बेडूक, जे समोर येईल ते गिळते. तिला श्वास घ्यायला मधूनमधून पाण्यावर यावं लागतं, आणि तेव्हा टप्पकन आवाज होतो. तो नुसता आवाज ऐकून डोमा मरळीची लांबी सांगायचा, असं म्हणतात. मग गळाला जिवंत बेडकी लावायची, डोंगा, म्हणजे लाकडाची छोटी होडी, जरा पुढे ढकलायचा आणि गळ अलगद सोडायचा. संध्याकाळी त्याच्या घरी रस्सा शिजला की आळीतली कुत्रीसुद्धा त्याच्याच दाराशी. डोमा काही साधूसंत नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे तेव्हाही वाट्याची पद्धत होती, आजही आहे. सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं, मासळी काठावरच्या चपट्या खडकावर ओतायची आणि जितकी घरं तितके ढीग करायचे. एकेक ढीग म्हणजे एकेका घराचा वाटा. वाटा मिळाला म्हणजे तुम्ही गावाचे. वाटा बंद झाला म्हणजे तुम्ही कुणाचेच नाही.

मग दोन वर्षं अशी आली की जाळी हलकी यायला लागली. खडकावरचे ढीग मुठीएवढे झाले. पोरं भाताबरोबर नुसतं मीठ खाऊ लागली. गावचा पंच होता नथ्थू, आवाजानं दणकट आणि मनानं वाईट नव्हे, पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. त्यानं एक मोठी मरळ आणली आणि सगळ्यांसमोर खडकावर तिचं पोट फाडलं. आतून एकामागून एक बारकी मासळी निघाली. त्यानं ती ओळीनं मांडून ठेवली.

"पाहा," नथ्थू म्हणाला, "आपला वाटा कोन खाते ते डोयानं पाहा. एकीच्या पोटात एवढी, तं डोहातल्या साऱ्याइच्या पोटात किती असन?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. डोळ्यांनी पाहिल्यावर नाही कसं म्हणणार? फक्त डोमाची बायको बयना मागून बोलली, "मरळ काय आजच खायले लागली का? तिच्या मायनं खाल्लं, तिच्या मायच्या मायनं खाल्लं, तरी ढीग गुडघ्याएवढे पडत व्हते ना?"

पण बायकांचं कोण ऐकतं? तिथंच ठरलं की नदीच्या सगळ्या डोहांतल्या मरळी संपवायच्या. जो एकही जिवंत सोडेल त्याचा वाटा बंद. आणि हे काम करायचं कुणी, तर अर्थातच डोमानं.

डोमानं केलं. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण गावात ही गोष्ट सांगताना हा भाग गाळतात. मी गाळत नाही. डोमानं एकेका डोहात गळ टाकून मरळी काढल्या. उन्हाळ्यात पाणी आटलं आणि मरळी चिखलात शिरून बसल्या, तर चिखल खणून काढल्या. गावानं त्याची पाठ थोपटली आणि त्याला ते आवडलं. आषाढ आला तेव्हा फक्त हत्तीडोहात एक जोडी उरली होती. हत्ती बुडेल एवढा खोल म्हणून हत्तीडोह. जोडीतला नर डोमानं आधी काढला. मादी उरली.

ती जांभळीच्या झाडाखाली, काठच्या उथळ शांत पाण्यात होती आणि तिच्यासोबत पिल्लं होती. मरळीची पिल्लं तुम्ही पाहिली नसतील तर सांगतो. लाल असतात, शेकडो, आणि सगळी मिळून एक गोळा करून फिरतात. पाण्यात कुंकू सांडलंय असं वाटतं. गोळ्याखाली माय पहारा देत असते. गोळ्याच्या मायला हात लावायचा नाही, हे डोमाला त्याच्या बापानं शिकवलं होतं. ती भुकेनं गळ धरत नाही. पण गोळ्यात काही पडलं तर रागानं धरते. डोमानं गळ गोळ्यात टाकला. तिनं धरला.

केवढी होती म्हणता? तिला उचलायला नथ्थूनं खांदा दिला, असं म्हणतात. मरळ खांद्यावर टाकून नथ्थू गावाकडे मिरवत निघाला आणि डोमा हात धुवायला पाण्यात उतरला.

तेवढ्यात तो लाल गोळा आला. मायला शोधत शोधत आला आणि डोमाच्या पायाभोवती, त्याच्या सावलीत थांबला. डोमा एक पाऊल सरकला, गोळाही सरकला. तो दुसरीकडे गेला, गोळा मागोमाग. वरून खंड्या पक्षी सूर मारून आला आणि एक पिल्लू घेऊन गेला. डोमानं ओरडून हात उडवला. दुसरा खंड्या आला. डोमानं त्यालाही हाकललं. आणि मग त्या रात्री तो काठावर आलाच नाही.

सकाळी गाव जमलं. नथ्थू काठावरून ओरडला, "डोमा, बाहेर निंग! वेड लागलं का तुले? टाक ते पिल्लं मारून!"

"याइची माय म्या नेली, दादा," डोमा म्हणाला. "आता हे मोठे होतपर्यंत मी इथून हालत नाही."

"तं मंग तुहा वाटा बंद!"

"करा बंद," डोमा म्हणाला. तो रडत होता, असं म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

तो किती दिवस उभा होता? कुणी एकवीस म्हणतात, कुणी महिना. माझा मामा चाळीस सांगायचा, पण मामाला चाळिसाच्या आतलं काही आवडतच नसे. बयना रोज भाताचं गाडगं घेऊन यायची. "संसार पाण्यातच मांडायचा व्हता तं मले कायले आणलं?" असं म्हणायची, आणि लुगडं खोचून पाण्यात उतरायची. तो काठावर बसून जेवेपर्यंत ती गोळ्यावर सावली धरून उभी राहायची. डोमाच्या पायांची कातडी पांढरी पडली, पिंडऱ्यांवर शेवाळ धरलं, गोगलगाई चिकटल्या. बगळे त्याला खांब समजून डोक्यावर बसायचे आणि मग पस्तावायचे.

मग पूर आला. पाणी गुडघ्यावरून कमरेला, कमरेवरून छातीला. डोमानं आपलं धोतर सोडलं, त्याचं एक टोक जांभळीच्या मुळीला बांधलं, दुसरं दातांत धरलं आणि प्रवाहाला पाठ देऊन उभा राहिला. धोतराच्या आडोशाला तो लाल गोळा. लाकडं वाहत आली, ओंडके आले, पण डोमाजवळ येऊन ते दोन बाजूंना झाले, असं म्हणतात. पाणी मानेला टेकलं आणि तिथंच थांबलं. सकाळी उतरलं तेव्हा बयनानं आधी गोळा पाहिला आणि मग नवरा पाहिला. दोन्ही होते.

हळूहळू पिल्लांचा लाल रंग गेला, काळा आला. गोळा सैल झाला. एकेक पिल्लू खोल पाण्यात निघून गेलं. शेवटचं तेवढं डोमाच्या नडगीला तोंड लावून गेलं. डोमा बाहेर आला, पण पुढे जन्मभर तो पाण्यात चालल्यासारखाच चालला.

त्या वर्षी बाकीच्या डोहांत जाळी भरभरून आली. नथ्थूनं मिशीवर ताव दिला. ढीग गुडघ्याएवढे, फक्त डोमाचा ढीग नाही. त्याच्या घरी बयना अंबाडीची भाजी शिजवायची. दुसऱ्या वर्षी मासळी आणखी वाढली, पण बोटापेक्षा मोठी होईना. खाणारी तोंडं अफाट आणि खाणं तेवढंच. तिसऱ्या वर्षी सगळी डोकीच डोकी, अंगावर मांस नाही. रोगट मासळी पांढरी पोटं वर करून काठाला लागली. वास असा सुटला की म्हशी पाण्याला तोंड लावेनात.

आणि हत्तीडोहात? हत्तीडोहात तळहाताएवढी मासळी, लखलखीत. रोगट, मरतुकडी जी असेल ती मरळी आधी उचलत. उरलेली पोटभर खाऊन वाढत. मधूनमधून टप्पकन आवाज यायचा.

नथ्थू एक दिवस तिथं आला. डोमा पाण्यात पाय सोडून बसला होता. नथ्थू काठावरून काहीतरी बोलायला लागला, तसा डोमा म्हणाला, "बोलाचं असन तं पाण्यात ये, दादा. कोरड्यात लई बोललो आपन."

नथ्थू उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहिला. बारकी मासळी येऊन त्याच्या पायांना तोंड लावायला लागली. पंचाचा दणकट आवाज खाली आला.

"मी चुकलो," तो म्हणाला.

"गळ माहाच व्हता," डोमा म्हणाला.

"आता सांग, काय करू?"

"मरळ वितीहून लहान दिसली तं सोड. हाताहून मोठी दिसली तं सोड, ते माय हाये. मधली खा, मीबी खातो. आन् गोळ्याच्या मायले हात लावू नको."

"मोठी सोडू? मंग ढिवर कायले झालो?"

"नातवाच्या पोटाले," डोमा म्हणाला.

त्या पावसाळ्यात हत्तीडोहातल्या मरळी ओल्या पाल्यात गुंडाळून, मडक्यांतून, डोक्यावरून बाकीच्या डोहांत नेल्या. पहिलं मडकं नथ्थूच्या डोक्यावर होतं. आणि नदी पुन्हा मासळीनं भरली तशी नथ्थूनं खडकावर सगळ्यांसमोर डोमासाठी ढीग मांडला. डोमानं ढिगाला हात जोडले. म्हणाला, "एका मायचा वाटा म्या तोडला. हा तिले द्या."

डोमा पुढे म्हातारा होऊन घरच्या घरी गेला. चमत्कार झाला नाही. एवढंच म्हणतात की त्या सकाळी जांभळीखाली लाल गोळा आला होता, आणि बयना लुगडं खोचून पाण्यात उतरली, ती दुपारपर्यंत तिथंच उभी होती.

आजही दर चार-पाच वर्षांनी आमच्याकडे मरळीचा वाद निघतो. मरळी फार झाल्या, काढा, असं कुणी म्हणतं. कुणी म्हणतं, हात लावाल तर याद राखा. मच्छीमार सोसायटीचे तरुण येतात, एकदा तर तालुक्याचे साहेब आले होते. वाद हवा तेवढा करा, पण हत्तीडोहात गुडघाभर पाण्यात उभं राहून करा, असा गावाचा नियम आहे. साहेबांनीही पँट वर दुमडली. मासळी पायांना लागायला लागली की आवाज आपोआप खाली येतो. भांडण मिटतंच असं नाही, पण आजवर पाण्यातून कुणी मरळी संपवायचं ठरवून बाहेर आलेलं नाही.

आणि जाळं ओढलं की खडकावर पहिला वाटा कुठल्याच घराचा नसतो. जाळ्यात आलेली सगळ्यात मोठी मरळ, हाताहून लांब, दोघंजण धरून पाण्याकडे नेतात. "डोमाबाचा वाटा!" असं ओरडतात आणि तिला सोडतात. ती खाली जाते. सगळे उभे राहून वाट पाहतात. कुठूनतरी टप्पकन आवाज येतो, आणि मगच आम्ही आपापल्या ढिगाला हात लावतो.