साळूचं बाळंतपण

डोंगराला नाव पडलं, त्याच्याही आधीची एक गुहा होती. तिथे आधी माणसं राहिली. पुढच्यांनी आपली मेलेली माणसं तिथेच पुरली. त्यांच्याही मागून आलेल्यांनी देवी मांडली.

एकदा दिवस भरलेली साळू, म्हणजे साळिंदराची मादी, अंगावरचे काटे सावरत गुहेच्या दाराशी आली. "आत येऊ का?"

"ये की बाई, घरच आहे," काजळलेला चुलीचा दगड म्हणाला.

"घर कसलं? मसण आहे हे!" मातीतून डोकावणारा रांजण म्हणाला. त्याच्या पोटात एका लेकराची हाडं होती.

"हे देऊळ आहे," शेंदूर माखलेली देवी कडाडली. "इथे विटाळ चालायचा नाही."

तिघांची जुंपली. साळू कळा सोसत दारातच बसली.

तेवढ्यात मेंढ्या राखणारी ठकूबाई चढून आली. देवीपुढे भाकरी ठेवून ती म्हणाली, "जेव गं माय." एवढं बोलून ती उतरून गेली. शब्द मात्र कातळात घुमत राहिला.

चुलीचा दगड पुटपुटला, "धुरात डोळे पुसत एक आई लेकराला हेच म्हणायची."

रांजण म्हणाला, "माझ्यात लेकरू ठेवलं, वर मूठभर धान्य ठेवलं, तेव्हा त्याची आईही हेच म्हणाली. जेव."

हा शब्द आपल्यासाठीच जन्मला, असं देवीला आजवर वाटत होतं.

मग ती दाराकडे वळून हळूच म्हणाली, "आत ये, साळू. भाकरी अजून कोमट आहे. जेव गं माय."