टाकायला काहीच नसलेलं घर

एक होतं गाव, टेकडीच्या पायथ्याशी. गावाची शाळा मात्र वर टेकडीवर होती. चढाच्या तोंडाशी जे शेवटचं घर होतं, तिथं एक आई, तिची आठ वर्षांची मुलगी आणि एक मांजर राहायची. आईला स्वयंपाक छान यायचा, शिवण छान यायचं, पण काळजी करावी तर तिनंच. पोरगी शाळेत पोचली असेल का, पोचली तर रडत नसेल ना, आज रडली नाही तरी उद्या जाईल का, असं तिचं दिवसभर चालू असे. त्याला कारणही होतं. पहिले दोन महिने मुलगी रोज दाराची चौकट धरून रडली होती. आता कुठे ती हसत जायला लागली होती.

घराच्या दाराशी एक मोठा माठ होता. गावातली सगळी पोरं चढ चढण्याआधी तिथं थांबून पोटभर पाणी प्यायची.

एके दिवशी मुलगी शाळेतून आली ती सांगतच आली.

"आई, गुरुजींनी सांगितलंय, घरातल्या टाकाऊ वस्तूपासून काहीतरी कामाचं करून आणा. परवा सगळ्यांनी मांडायचंय."

"एवढंच ना," म्हणत आई उठली आणि टाकाऊ वस्तू शोधायला लागली. आधी कोपरे पाहिले, मग माळा, मग परस. काहीच सापडेना. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या होत्या, फाटक्या गोधडीचं पायपुसणं झालं होतं आणि विटलेलं पायपुसणं चुलीत जाऊन त्याच्या राखेनं भांडी लख्ख झाली होती. करवंटीचा डाव झाला होता. भाजीची सालं शेळीनं खाल्ली होती. इतकी वर्षं या गोष्टीचा आईला अभिमान होता. आज पहिल्यांदाच तिला स्वतःच्या घराची लाज वाटली.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आमच्याकडे तीन टोपल्या निघाल्यात बाई. देऊ का एक?"

आई हो म्हणाली असती, तर गोष्ट इथंच संपली असती. पण दुसऱ्याचा कचरा मागून आणायचा, हे काही तिला पटेना.

मुलगी म्हणाली, "मी सांगेन गुरुजींना, आमच्याकडे टाकायला काही नव्हतं."

"हो, आणि पोरं हसतील. मग तू पुन्हा दार धरून बसशील. मी काय करू तेव्हा?"

त्या रात्री आईला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली. आई दाराशी आली आणि कितीतरी वेळ माठाकडे बघत उभी राहिली. मग तिनं माठातलं पाणी तांब्यातांब्यानं काढून झाडांना घातलं, कारण पाणी वाया घालवणं तिच्यानं झालंच नसतं. आणि नंतर वरवंटा उचलून, बूड शाबूत राहील अशा बेतानं, तो धडधाकट माठ फोडला.

संध्याकाळी मुलीनं खापऱ्या पाहिल्या.

"मांजरीनं पाडला," आई म्हणाली. मुलीकडे न बघताच म्हणाली.

 मुलीनं बूड उचललं, गेरूनं रंगवलं, काथ्याच्या दोरीनं टांगलं. पाखरांना पाणी प्यायला छान भांडं तयार झालं. जेवताना तिनं आपल्या वाटीतलं निम्मं दूध मांजरीला घातलं. आईच्या मनात आलं, पोरीच्या लेखी माठ हिनंच फोडला, मग हिचे एवढे लाड कशाला? पण तिला विचारायचा धीर झाला नाही.

शाळेत मुलीचं भांडं पहिलं आलं. गुरुजींनी ते सगळ्यांना दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या जरा हळूच वाजल्या. दारात माठ नव्हता, त्यामुळे पोरं उन्हात कोरड्या घशानं चढून आली होती. पाखरांची सोय झाली, पोरांची गेली. नवा माठ मिळायचा तर कुंभाराची पुढची भट्टी लागेपर्यंत महिनाभर थांबायला हवं होतं. रोज सकाळी पोरं सवयीनं दाराशी थांबायची, रिकाम्या जागेकडे बघायची आणि पुढं जायची. आई दाराआडून बघायची. मुलगी हसत शाळेत जात होती, तरी आईची काळजी काही कमी होईना.

पंधरा दिवसांनी गुरुजींनी पुन्हा तसंच मांडायला सांगितलं. या वेळी आईला शोधाशोध करावी लागली नाही. ती मांडीवर मांजर घेऊन तांदूळ निवडत बसली होती, तेवढ्यात आतल्या खोलीतून खळ्ळकन आवाज आला.

मुलगी बाहेर आली. तिच्या हातात तिच्या पाटीचे दोन तुकडे होते. चांगली, नवी, दगडी पाटी.

"मांजरीनं पाडली," मुलगी म्हणाली. "आता ही टाकाऊ झाली. चौकटीचं काहीतरी करता येईल."

मांजर आईच्या मांडीवर घुरघुरत होती.

आईचे हात थांबले. रागवावं, तर कोणत्या तोंडानं? गप्प राहावं, तर पोरगी उद्या आणखी काय फोडेल? तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मांजरीनं नाही पाडली," ती शेवटी म्हणाली. "आणि तो माठही मांजरीनं पाडला नव्हता. मी फोडला."

"मला माहीत होतं."

"कसं?"

"त्या दिवशी मांजर माझ्या मागं मागं शाळेत आली होती. दिवसभर खिडकीत बसली होती."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू काळजी करत बसशील म्हणून."

आईला रडू आलं. तिनं मुलीला जवळ घेतलं, मांजरीसकट.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः टेकडी चढून गेली. डोक्यावर पाण्याची कळशी होती आणि हातात फुटकी पाटी. तिनं आधी पोरांना पाणी दिलं आणि मग सगळ्यांसमोर गुरुजींना माठाचं खरं काय ते सांगितलं. मुलीनं पाटीचं सांगितलं.

"आणि आमच्याकडे टाकायला काहीच नाही," आई शेवटी म्हणाली, "हे मला पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं."

पोरं हसली, अगदी मोठ्यानं हसली. आईनं घाबरून मुलीकडे पाहिलं. तीही हसत होती.

नवा माठ येईपर्यंत कळशी रोज दाराशी राहिली. मुलगी रोज शाळेत जात राहिली.

आता तात्पर्य, तेही आई-बापांनी आधी ऐकावं: पोराचं कौतुक व्हावं म्हणून आपण काहीबाही करतो, त्यातलं कौतुक पोर विसरून जातं आणि आपण ते कसं केलं तेवढं शिकून घेतं.