जावईबापूंनी भरलेली फट

एका गावात एक भोळा जावई होता. भोळा हा शब्द सासऱ्याच्या मानासाठी; खरा शब्द गावाला पाठ होता. त्याचं नाव गुणाजी. अधिक महिन्याचं वाण घ्यायला आला आणि महिना सरला तरी हलेना.

सासरा येसबा गवंडी. गावातल्या हौसाबाईच्या गोठ्याची पडलेली भिंत त्याला दिवस मावळायच्या आत उभी करायची होती. गाय व्यायला झाली होती आणि शिवारात बिबट्या फिरत होता. नेमका बिगारी तापाने आडवा.

"मामा, माल मी कालवतो," गुणाजी म्हणाला. नको म्हणावं तर जावई रुसायचा.

त्याने वाळू तशीच ओढली. मालात खडेच खडे.

"जावईबापू," येसबा दात आवळून म्हणाला, "मालात पडेल ते आधी चाळणीतून जाऊ द्या."

"एवढंच ना?" म्हणत गुणाजी आडावरून चाळणीत पाणी घेऊन आला. म्हणजे नुसती चाळणी घेऊन आला.

"पाणी बादलीत आणा हो! आणि बेतानं शिंपडा, एकदम ओतू नका."

मग विटा भिजवायला सांगितल्या. गुणाजीने एकेका विटेवर चार-चार थेंब शिंपडले, देवावर शिंपडावेत तसे. कोरड्या विटांनी मालातलं पाणी पिऊन टाकलं. तीन थर बोटाने निघाले.

"अहो, टाकीत बुडवायचं! बुडबुडे थांबेपर्यंत काढायचं नाही."

गुणाजी मान डोलावून सिमेंटची गोणी आणायला गेला, तो येईचना. येसबा बघायला गेला. टाकीत गोणी, काठावर जावई.

"थांबा मामा, अजून बुडबुडे येताहेत."

येसबाला रडूच आलं. शिवी ओठावर आली ती गिळली. जावयाला शिवी द्यायची नाही अशी आपली रीत. असल्या रीतीवरच असले बैल पोसले जातात.

शेजारून दुसरी गोणी आणली. येसबाने स्वतः माल कालवला आणि उन्हं उतरता उतरता भिंत पत्र्यापर्यंत नेली.

"आता फटी तेवढ्या भरा. बिबट्याला पंजा घालायला जागा दिसली की भरा. आणि भरलेल्याला सात दिवस कुणाचा धक्का लागू देऊ नका."

इतक्यात गाय हंबरली. येसबा आणि हौसाबाई आत धावले. वासरू आडवं आलं होतं. तासभर दोघांना मान वर करायला सवड नव्हती. शेवटी वासरू सुखरूप बाहेर आलं, आणि येसबा घाम पुसत दाराकडे वळला.

दार नव्हतं. चौकटीत विटा होत्या. दिवसभर बघून जावई तेवढं शिकला होता.

"हे काय केलंत?"

"सगळ्यात मोठी फट हीच होती, मामा," बाहेरून उत्तर आलं.

"फोडा आधी!"

"ओलं आहे. सात दिवस थांबा."

येसबाने आतून खांदा लावला. गुणाजीने बाहेरून पाठ लावली. हौसाबाई दोघांच्या सात पिढ्या काढू लागली. अखेर येसबाने पत्र्याखालच्या झरोक्यातून हात बाहेर काढला आणि लोकांना हाका मारत तो जोरजोरात हलवू लागला.

गुणाजीने वर पाहिलं.

"अरेच्चा! ही राहिलीच की," तो म्हणाला आणि थापीभर माल घेऊन वर चढला.