कोथिंबिरीची तहान

भांडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुपाच्या रिकाम्या डब्यात कोथिंबीर उगवली आणि ओट्यावर एकच धांदल उडाली. सगळ्यांत जास्त हरखला तो तांब्या. तिला पाणी पाजायचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही.

एके सकाळी तिची पानं पिवळी दिसली. "तहानली बिचारी," म्हणत तांब्या धावला. पानं आणखी पिवळी झाली, तसा तो आणखी धावला.

"अरे, जरा माती तरी बघ," विळी म्हणाली.

"बघत बसायला वेळ कुणाला आहे? इथे जीव चाललाय तिचा," म्हणत तांब्या पुन्हा काठोकाठ भरून आला.

कोथिंबिरीने कशीबशी मान वर केली. "तांब्यादादा, या डब्याला खाली भोक नाही. माझी मुळं बुडताहेत."

तांब्या जागीच थबकला. "मग आधी का नाही बोललीस?"

"रोज बोलत होते. पण तू आलास की नुसता पाण्याचाच आवाज."

विळीने टोकाने डब्याला भोक पाडलं. तुंबलेलं पाणी भळाभळा वाहून गेलं. पुढे हिरवंगार पान फुटलं, तेव्हा तांब्या अगदी बेभान होऊन नाचला. पण लांबून, आणि रिकामा.