क्षाराचं चिलखत

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, तेव्हाची गोष्ट.

खोकणाऱ्या बाळाच्या उशाशी वाफेचं यंत्र होतं. "पिण्याचं पाणी कशाला वाया घालवायचं?" म्हणत आई त्यात बोअरचं पाणी ओतायची. हळूहळू त्याच्या पोटात क्षाराचा पांढरा, दगडासारखा थर बसला.

"मी तुझं चिलखत आहे," थर म्हणाला. यंत्राला ते पटलं. वाफ मात्र आटत गेली आणि बाळाची छाती घरघरू लागली.

घाबरलेल्या आईने यंत्र उघडून थरावर लिंबू पिळलं.

"माझं अंग सोलू नकोस!" यंत्र कळवळलं.

"हे तुझं अंग नव्हेच," लिंबाचा रस म्हणाला. "जरा सोस."

थर विरघळला आणि मोरीत वाहून गेला. त्याच्याबरोबर रसही गेला.

दुपारी बाळ शांत झोपलं. वाफेला लिंबाचा मंद वास येत होता.