परत न आलेली मुले

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध होमिओपॅथ डॉक्टर होते. मुलांना त्यांच्या हाताचा गुण येतो, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. शर्वरी नावाची त्यांची शिष्या त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहीत होती. ज्या मुलांना एका जागी बसवत नाही, ज्यांचे लक्ष क्षणभरही टिकत नाही, ज्यांच्या या अवस्थेला आजकाल एडीएचडी म्हणतात, त्यांना या औषधांनी गुण येतो का, हा तिचा विषय होता. निम्म्या मुलांना औषध दिले गेले, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या साध्या साखरेच्या गोळ्या. कोणाला काय मिळते आहे, हे ना पालकांना ठाऊक होते, ना गुरूला, ना शिष्येला.

वर्ष सरले. कोणाला काय मिळाले होते, याचा उलगडा झाला तेव्हा औषध घेतलेली मुले स्पष्टपणे पुढे दिसली. शर्वरीने मोठ्या आनंदाने प्रबंध गुरूंपुढे ठेवला. ते शांतपणे वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. ‘मध्येच यायची थांबलेली मुले गणनेतून वगळली आहेत.’

“ही मुलं कुठे आहेत?” त्यांनी विचारले.

“माहीत नाही, सर. फोन केले, कुणी उचलले नाहीत. अशी मुलं बरेच जण वगळतात.”

गुरूंनी सही न करताच प्रबंध मिटला. “त्यांच्या घरी जाऊन ये.”

“सर, प्रबंध या आठवड्यात द्यायचा आहे. आणि निकाल आपल्या बाजूचा आहे.”

“म्हणूनच जा.”

शिष्या मनातून दुखावली. ज्या विद्येसाठी या माणसाने आयुष्य वेचले, तिचे यश दारात येऊन उभे असताना तो दार का लावून घेतो, हे तिला उमगेना. तरी ती गेली.

पहिले घर हर्षल नावाच्या मुलाचे होते. त्याची आई दाराशी शिवणयंत्रावर बसली होती. आत खिडकीजवळ हर्षल होता. त्याचा पाय ओढणीने गजाला बांधलेला होता आणि ओढणी जाईल तेवढ्या जागेत तो येरझारा घालत होता. शर्वरीला पाहताच आई घाईने उठली आणि गाठ सोडू लागली. घाईत ती सुटेना.

“रस्त्यावर धावतो, मॅडम,” ती मान खाली घालून म्हणाली. “ट्रॅक्टरखाली येता येता वाचला. शाळेनंही नको म्हटलंय. मी काम करू का याच्यामागं पळू?”

“मग दवाखान्यात का नाही आलात?”

“काय सांगायला येणार? डॉक्टर इतक्या मायेनं विचारायचे, फरक आहे ना? दोनदा हो म्हणून आले. पुढं खोटं बोलवेना.”

बाकीच्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच निघाले. त्यांतल्या बहुतेक मुलांना औषधच मिळालेले होते. परत येऊन शर्वरीने त्यांना धरून पुन्हा गणित मांडले. औषध आणि साखर यांत काही अंतर उरले नाही.

तिने सारे गुरूंना सांगितले.

“तुम्हाला ठाऊक होतं, सर?”

“नाही. ती मुलं बरी झाली असतील, म्हणून येत नसतील, अशी मला आशा होती.” मग ते सावकाश म्हणाले, “शर्वरी, इतकी वर्षं माझ्याकडे परत कोण आलं? ज्याला बरं वाटलं, तो. ज्याला वाटलं नाही, तो दुसरीकडे गेला, नाहीतर घरीच राहिला. मी समोर बसलेल्यांनाच सारं जग समजलो. मूल तर वाढत्या वयानंही सुधारतं, नुसत्या धीरानंही सुधारतं. औषधाची परीक्षा जे आले नाहीत त्यांच्या दारात होते. जे आढळलं ते लिही. मी सही करतो.”

त्यांनी सही केली. पेन खाली ठेवताना म्हणाले, “मग मी आयुष्यभर काय केलं, हे मात्र मला विचारू नकोस.”

दुसऱ्या दिवशी शर्वरी पुन्हा हर्षलच्या घरी गेली. जिल्ह्याच्या रुग्णालयात मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ बसतात, आपण स्वतः सोबत येऊ, असे तिने सांगितले. आईने यंत्र थांबवले.

“हे डॉक्टर तिथं पहिल्यापासून होते?”

“होते.”

“मग आधी का नाही सांगितलंत? वर्ष गेलं त्याचं.”

ती तिथेच उंबऱ्यावर बसली. गुरूंनी आपल्याला या दारी कशासाठी पाठवले होते, ते तिला आता पुरते कळले: न आलेल्या मुलांनी काय गमावले, ते आकड्यांत दिसत नव्हते. आणि कळल्याने मन जराही हलके झाले नाही.